आगोटीच्या बेगमीत आयोवाची पिशवी : एका आपत्कालीन संचाचे परीक्षण

आणीबाणीत लागणाऱ्या वस्तूंची ही पिशवी आमच्या घरी आली ती २०२२ च्या डिसेंबरात. माझी धाकटी बहीण अमेरिकेत आयोवा राज्यात, सीडर रॅपिड्स शहराजवळच्या एका ग्रामीण काउंटीत राहते. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखा प्रशासकीय विभाग. तिच्या घराच्या तिन्ही बाजूंना मका आणि सोयाबीनची शेते आहेत आणि सर्वांत जवळचा शेजारी अर्ध्या मैलावर आहे. तिथल्या घरांत अशी तयार पिशवी ठेवण्याची पद्धत आहे. चार माणसांना तीन दिवस पुरेल असा हा संच तिने स्वतःच्या घरासाठी घेतला, तेव्हाच एक आमच्यासाठीही घेतला आणि पुढच्या भेटीत सामानातून आणला. पिशवीतल्या रेडिओत लिथियमची बॅटरी असल्यामुळे तेवढा तिला हातातल्या बॅगेत घालावा लागला. तेव्हापासून २०२३, २०२४ आणि २०२५ असे तीन पावसाळे ही पिशवी दापोली तालुक्यातल्या आमच्या किनाऱ्यालगतच्या घरात आहे. तिच्यातली प्रत्येक वस्तू मी वापरून पाहिली आहे, काही काढून टाकल्या आहेत आणि काही नव्याने घातल्या आहेत. असा संच विकत घ्यावा का, असे गावातल्या अनेकांनी विचारले, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

बहिणीला आमची आठवण का झाली, हे आधी सांगते, कारण या वस्तूची पारख त्याशिवाय होणार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या आणि रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, मुरूड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत भुईसपाट झाल्या. त्यानंतर दहा आठवड्यांनी, १० ऑगस्ट २०२० रोजी, आयोवावरून ‘डेरेचो’ नावाचे वादळ गेले. ते चक्रीवादळ नव्हे. गडगडाटी ढगांची एक लांबच लांब रांग सरळ रेषेत शेकडो किलोमीटर धावत जाते आणि आपल्यापुढे वाऱ्याची भिंत ढकलत नेते, तिला हे नाव आहे. सीडर रॅपिड्सजवळ त्या वाऱ्याचा सर्वाधिक वेग ताशी सुमारे २२५ किलोमीटर असावा, असा अंदाज नुकसानीवरून काढण्यात आला. शहरातल्या निम्म्याहून अधिक झाडांची सावली त्या दिवशी गेली, धान्याची पोलादी कोठारे चुरगळली, उभा मका आडवा झाला आणि काही घरांत दोन आठवडे वीज नव्हती. बहिणीने आडव्या झालेल्या मक्याची छायाचित्रे पाठवली तेव्हा आमच्या वाडीत पडलेल्या पोफळी अजून पूर्ण उचलून झाल्या नव्हत्या. दोन्ही घरांचे दुःख सारखे होते. मात्र दोन्ही घरांची गरज सारखी नव्हती, आणि या संचाचे गुणदोष नेमके त्या फरकात आहेत.

आयोवातल्या घराला धोका असतो तो मुख्यतः टोर्नेडोचा, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या वावटळीचा. त्याची पूर्वसूचना मिळते ती काही मिनिटे आधी. सरासरी काढली तर पाव तासही मिळत नाही. त्यामुळे तिथली सगळी तयारी ‘भोंगा वाजला की तळघरात जा’ या एका कृतीभोवती रचलेली असते आणि पिशवीही त्या तळघराच्या पायरीजवळ ठेवायची असते. आमच्याकडे चक्रीवादळाची सूचना दोन-तीन दिवस आधी मिळते, बंदरावर धोक्याचा बावटा चढतो, होड्या वर ओढल्या जातात. पण वादळ गेल्यावर आमचा पावसाळा संपत नाही, तो सुरू होतो. निसर्गनंतर आठवडा-दीड आठवड्यात मोसमी पाऊस आला तेव्हा निम्म्या गावाच्या घरांवर कौले नव्हती. म्हणजे तिकडे पहिली पंधरा मिनिटे कठीण, आणि इकडे वादळानंतरचे पंधरा दिवस. शिवाय कोकणातल्या घराला आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधी बेगमी करून ठेवण्याची, सवय पूर्वापार आहे. मृग लागण्याआधी तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, पापड, आंब्या-फणसाची साठे, लाकूडफाटा आणि शेणी भरून ठेवणे, कौले चाळणे, पन्हळी साफ करणे, पडवीला झापांची, म्हणजे विणलेल्या झावळ्यांची, झड बांधणे, हे सगळे आमच्या सासूबाईंच्या सासूबाईही करत होत्या. म्हणून मी या पिशवीला एकच प्रश्न विचारला : आगोटीत जे नाही, ते ही पिशवी देते का?

या प्रश्नावर सर्वांत भरीव उत्तर दिले ते रेडिओने. हा एका हातात मावणारा, हँडल फिरवून चालणारा रेडिओ असून त्यालाच विजेरी, छोटी सौर पट्टी आणि मोबाईल चार्ज करण्याचे छिद्र जोडलेले आहे. आत २००० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी आहे. त्याच्यावर तीन पट्टे आहेत : मध्यम लहरी, एफएम आणि हवामान. हा तिसरा पट्टा अमेरिकेच्या हवामान खात्याच्या रेडिओसाठी आहे. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या अरुंद पट्ट्यात त्यांच्या सात वाहिन्या चोवीस तास फक्त हवामान सांगतात आणि त्या सेवेच्या काही यंत्रांत आपल्या काउंटीचा संकेतांक भरून ठेवला की केवळ त्या काउंटीसाठीचा इशारा आला तरच यंत्र मध्यरात्रीही स्वतःहून वाजते. झोपलेल्या माणसाला उठवणारी ही सोय मला फार मोलाची वाटते. पण ती भारतात नाही. तिसरा पट्टा लावला की इथे फक्त खरखर ऐकू येते. आपल्याकडे तिच्या जवळ जाणारी सोय म्हणजे मोबाईलवर मोठ्याने वाजणारा आपत्कालीन संदेश, ज्याच्या देशभर चाचण्या २०२३ मध्ये झाल्या आणि आमच्या घरातले सगळे फोन एकाच वेळी वाजल्यामुळे सासूबाई दचकून उठल्या होत्या. तो संदेश उत्तमच आहे, मात्र टॉवर उभा आणि चालू असेल तोवरच.

मध्यम लहरींबाबत एक गोष्ट घेणाऱ्याने अवश्य पाहावी, कारण ती डब्यावर कुठे लिहिलेली नसते. अमेरिकेत मध्यम लहरींची केंद्रे १० किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत आणि आपल्याकडे ९ च्या. आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र ११४३ वर आणि मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर. जो अमेरिकी रेडिओ आकडे दाखवणाऱ्या पडद्याचा असतो, तो ११४० वरून थेट ११५० वर उडी मारतो, त्यामुळे ११४३ त्यावर नीट बसत नाही आणि आवाज फाटका येतो. आमच्या पिशवीतला रेडिओ सुदैवाने काट्याचा, म्हणजे गोल चकती फिरवून काटा सरकवण्याचा आहे. त्याला असली अडचण नाही. ज्यांना परदेशातून कोणी रेडिओ आणून देणार असेल, त्यांनी काट्याचाच मागावा, किंवा ९ आणि १० यांत बदल करण्याची कळ त्यावर आहे याची खात्री करून घ्यावी.

या रेडिओची खरी परीक्षा २०२५ च्या मे महिन्यात झाली. अरबी समुद्रातले कमी दाबाचे क्षेत्र वाढत जाऊन २४ मे रोजी रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले आणि त्याच्या पाठोपाठ, २५ मे रोजी, मोसमी पाऊस राज्यात दाखल झाल्याचे जाहीर झाले. एरवी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्या वर्षी आगोट अर्धीच भरली होती. फणसाची साठे अंगणात सुपांत होती, सुकटीची शेवटची खेप वाळायची होती, पडवीला झड बांधलेली नव्हती. वीज आदल्या संध्याकाळीच गेली, ती चार दिवसांनी आली. मोबाईलला दुसऱ्या दुपारपासून रेंज नव्हती. त्या चार दिवसांत बाहेरचे जग आम्हांला फक्त या रेडिओतून कळत होते. संध्याकाळी सातच्या प्रादेशिक बातम्यांच्या वेळी शेजारच्या दोन घरांतली माणसे आमच्या ओटीवर येऊन बसत. समुद्रातले क्षेत्र जमिनीवर येऊन विरत चालले आहे, हे ऐकल्यावर होडीवाल्या शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, तो मी पाहिला आहे. पुढे काय येणार हे कळले की माणूस रात्री झोपू शकतो, आणि ही झोप आगोटीच्या कोणत्याही डब्यात भरून ठेवता येत नाही. आणखी एक उपयोग आम्हांला त्या दिवसांत आपोआप कळला : जवळपास वीज चमकू लागली की मध्यम लहरींवर कडकड असा आवाज येऊ लागतो. तो वाढू लागला की वाडीतली माणसे घरात बोलावून घ्यायची, असे आम्ही ठरवून टाकले.

हँडलबद्दल मात्र अपेक्षा आवरून ठेवावी. एक-दोन मिनिटे फिरवले की बातम्यांचे एक वार्तापत्र मध्यम आवाजात ऐकून होते. विजेरी त्याहून जास्त वेळ चालते. त्यासाठी हँडल उत्तम आहे. परंतु डब्यावर मोबाईल चार्ज होण्याचे जे चित्र आहे, ते पाहून कोणी घेणार असेल तर साधा हिशेब करावा. आजच्या मोबाईलची ५००० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा. हाताने फिरवून सातत्याने मिळते ती दोन-तीन वॉट. म्हणजे एक फोन पूर्ण भरण्यासाठी सात-आठ तास अखंड हँडल फिरवावे लागेल, आणि ते कोणाकडूनही होणार नाही. रेडिओची आतली बॅटरी आधीपासून भरलेली असेल तर तिच्यातून फोन फार तर तिसरा हिस्सा भरतो. सौर पट्टी तळहाताएवढी. आयोवातल्या वादळानंतरच्या निरभ्र उन्हात ती थोडाफार उपयोग देत असेल, आमच्या आषाढातल्या आभाळाखाली तिचा उपयोग शून्य आहे. निसर्गनंतर गावोगाव जनित्रावर पैसे देऊन मोबाईल चार्ज करावे लागत होते, ते आठवून मी वेगळी २०,००० मिलिअँपिअर-तासाची पॉवर बँक घेतली आहे आणि बावट्याची बातमी आली की ती आधी भरून ठेवते. तो खर्च या रेडिओत धरू नये.

विजेरीचा उजेड चांगला आहे आणि आता तो फार गरजेचा झाला आहे. पूर्वी प्रत्येक घरात दोन कंदील आणि चार चिमण्या असत. रेशनवरचे रॉकेल बंद झाल्यापासून कंदील माळ्यावर गेले आणि त्यांच्या काचाही आता मिळत नाहीत. मेणबत्ती वाऱ्यात टिकत नाही आणि झापांच्या झडीजवळ ती नेण्याचे भय वाटते.

पाण्याच्या बाबतीत हा संच निराशा करतो, आणि ही निराशा केवळ आमच्यापुरती नाही. पिशवीत १२५ मिलिलिटरच्या चोवीस पुड्या आहेत, म्हणजे एकूण तीन लिटर पाणी. अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचाच सल्ला माणशी दररोज एक गॅलन, म्हणजे सुमारे ३.८ लिटर पाणी ठेवण्याचा आहे. चार माणसांचे तीन दिवसांचे पाणी त्या हिशेबाने ४५ लिटर होते. ‘चार माणसे, तीन दिवस’ असे पिशवीवर छापताना त्यातले ४२ लिटर बाहेर राहिले आहेत, हे घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही. बहिणीने हे कळल्यावर तळघरात पाण्याचे कॅन भरून ठेवले.

कोकणातल्या घराचा पाण्याचा प्रश्न निराळा आहे. आमच्या परसात विहीर आहे आणि ती जूनमध्येही आटत नाही. पण निसर्गनंतर त्याच विहिरीचे पाणी आमच्या घरात येईना, कारण पंप बसवल्यावर आम्ही रहाट काढून टाकला होता आणि कप्पी गंजून गेली होती. गावात ज्यांच्याकडे रहाट किंवा निदान पोहरा आणि सुंभाचा धड दोर शिल्लक होता, त्यांच्या विहिरीवर आम्ही तीन आठवडे कळश्या घेऊन गेलो. त्या काकींनी एकदाही तोंड वाकडे केले नाही. पुढच्या वर्षी आम्ही लोखंडी कप्पी, तीस हात दोर आणि एक पोहरा आणून ठेवला. आमच्या घरातली सर्वांत महत्त्वाची आपत्कालीन वस्तू कोणती असे विचारले तर मी ती कप्पी दाखवीन. पिशवीतल्या पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या चांगल्या आहेत, पण त्यांची मुदत संपली की इथे त्या मिळत नाहीत. त्यांच्या जागी मी आरोग्य केंद्रातून मिळणारी क्लोरीनच्या द्रावणाची बाटली ठेवली आहे. पुराचे पाणी विहिरीत उतरले असेल तर ग्रामपंचायतीकडून टीसीएल (जंतुनाशक क्लोरीनची) पावडर टाकून घेईपर्यंत आणि त्यानंतरही पाणी उकळूनच प्यावे.

खाण्याच्या वड्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. त्या पाच वर्षे टिकतात, लिंबाच्या स्वादाच्या आणि गोड आहेत. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी त्या निरुपयोगीच होत्या. पोहे, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, कुळथाची पिठी आणि नाचणीचे पीठ ज्या घरात असते, त्या घराला या वड्यांसाठी पैसे देण्याचे कारण नाही. औषधांच्या पेटीत पट्ट्या, जंतुनाशक पुसण्या आणि वेदनाशामक गोळ्या आहेत. इन्शुलिनचा विचार अर्थातच नाही. फ्रीज बंद पडल्यावर आम्ही इन्शुलिनच्या कुप्या प्लास्टिकच्या डब्यात घालून, तो डबा पाण्याने भिजवलेल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या लहान मडक्यात ठेवतो. वापरात असलेली कुपी किती दिवस फ्रीजबाहेर चालते, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवावे, कारण त्या दिवशी फोन लागणार नाही. पुरात चालावे लागणाऱ्यांसाठी लेप्टो या तापाचा आणि फुरसे या विषारी सापाचा विचार करून गुडघ्यापर्यंतचे गमबूट घरात असलेच पाहिजेत; पिशवीत त्यांची जागा नाही, हा दोष मी तिला लावत नाही.

बाकी वस्तूंपैकी शिट्टी उत्तम. गॅसची मुख्य झडप बंद करण्याचा पाना आमच्या घरी निरुपयोगी, कारण इथे नळाचा गॅस नाही, सिलिंडरचा रेग्युलेटर हाताने निघतो. प्लास्टिकचे कापड इतके पातळ आहे की फुटक्या कौलांवर ते पहिल्या वाऱ्यात फाटले. निसर्गनंतर ताडपत्रीला जी ओढ लागली आणि तिचे जे भाव झाले, ते पाहिलेल्या कोणालाही हे कापड पुरेसे वाटणार नाही. चिकटपट्टी कोरड्या लाकडाला घट्ट बसते, ओल्या भिंतीला नाही. चांदीसारखी चकाकणारी पातळ चादर मात्र मी सुरुवातीला अनावश्यक समजले होते आणि ती माझी चूक ठरली : मे २०२५ च्या त्या पावसात सासूबाई भिजल्या, अंग थरथरू लागले, कोरडे पांघरूण सापडेपर्यंत त्या चादरीत गुंडाळल्यावर दहा मिनिटांत त्यांना ऊब आली.

या संचातली एक गोष्ट मात्र मी पहिल्याच आठवड्यात बाजूला काढली आणि प्रत्येकाने काढावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ते म्हणजे सूचनांचे पत्रक. इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये छापलेल्या त्या पत्रकात पहिलीच सूचना आहे की इशारा मिळताच तळघरात, तळघर नसल्यास सर्वांत खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत जावे. आयोवात ही सूचना जीव वाचवते. वादळी वाऱ्यात आमच्याकडेही काचांपासून आणि उडणाऱ्या पत्र्यांपासून दूर, माजघरात बसणे योग्यच आहे. पण २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि सावित्रीचे महाडमध्ये शिरले, तेव्हा तळमजल्याच्या आतल्या खोलीत बसणे म्हणजे बुडणे होते. वाचले ते माळ्यावर आणि गच्चीवर गेलेले लोक. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. तिथे घरातली कोणतीच खोली सुरक्षित नव्हती, घर सोडून जाणे एवढाच मार्ग होता. तीन आपत्ती, तीन परस्परविरुद्ध दिशा : वाऱ्यात आत, पुरात वर, दरडीत बाहेर. एका आपत्तीसाठी लिहिलेले पत्रक दुसऱ्या आपत्तीत माणसाला चुकीच्या दाराने नेऊ शकते.

म्हणून त्या पत्रकाच्या जागी मी मराठीत, मोठ्या अक्षरांत, एक कागद लिहून प्लास्टिकच्या पाकिटात घातला आहे. त्यावर सुरुवातीला ‘वाऱ्यात आत, पुरात वर, दरडीत बाहेर’ या तीन ओळी आहेत. खाली जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, सर्व तातडीच्या मदतीसाठीचा ११२ आणि समुद्रात अडकलेल्यांसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक आहेत. त्याखाली हवामान खात्याच्या शब्दांचा अर्थ आहे, कारण रेडिओवर ते शब्द पटकन येऊन जातात : चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत मुसळधार. डोंगरपायथ्याच्या वाडीवर राहणाऱ्या माझ्या नणंदेसाठी केलेल्या कागदावर आणखी एक ओळ आहे : जमिनीला नवी भेग दिसली, झाडे किंवा खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर कोणाच्या सांगण्याची वाट न पाहता निघावे.

पिशवीची शिवण आणि पट्टे मजबूत आहेत, पण ती खाऱ्या हवेसाठी केलेली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तिच्या साखळीचे दात गंजून अडकले आणि आतल्या कप्प्यांना कुबट वास येऊ लागला. विजेरीच्या सुट्या सेलच्या टोकांवर हिरवट क्षार जमला. तेव्हापासून सेल बाहेर काढून ठेवते आणि रेडिओ घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी साखळीच्या पिशवीपेक्षा होडीवर वापरतात तशी तोंड गुंडाळून बंद होणारी जलरोधक पिशवी घ्यावी, असे मला वाटते.

आणि अशा पिशवीत जे अमेरिकेतला कोणताही कारखाना भरून देऊ शकणार नाही, ते आपण भरायचे आहे. आमच्या पिशवीत आता आधार कार्डे, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, सातबारा आणि आठ-अचा उतारा यांच्या प्रती आहेत, सासूबाईंच्या औषधांची चिठ्ठी आहे आणि दर मे महिन्यात काढलेली वाडीची छायाचित्रे आहेत. निसर्गनंतरच्या पंचनाम्यांत गुंठ्यांमध्ये असलेल्या वाडीतली झाडे मोजून सांगताना लोकांची जी धांदल झाली, ती मी विसरलेले नाही. पडलेल्या पोफळी ओळखू येत नव्हत्या. एकमेकींवर पडून त्यांचा ढीग झाला होता. आधीचे एक छायाचित्र असते तर ओळी मोजता आल्या असत्या. रोख रकमेच्या सुट्या नोटाही ठेवाव्यात, कारण वीज आणि रेंज नसताना दुकानदार मोबाईलवरून पैसे घेऊ शकत नाही. या सगळ्यासह पिशवीचे वजन साडेपाच किलो भरते. मूळ संच आठ किलोंच्या जवळ होता आणि तो पाठीवर घेऊन पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढणे सासूबाईंना हात देणाऱ्या माणसाला शक्य नव्हते.

किमतीचा विचार केला तर बहिणीने या संचाला सुमारे ९० डॉलर मोजले. त्या पैशांतला माझ्या मते फार तर निम्मा भाग कोकणातल्या घराच्या उपयोगाचा आहे. म्हणून पूर्ण संचाला मी पाचपैकी दोन गुण देते आणि त्यातल्या रेडिओ-विजेरीला स्वतंत्रपणे चार. एक गुण कापला तो मोबाईल चार्ज होण्याच्या अवास्तव चित्रासाठी. परदेशातल्या नातेवाइकांकडून काही मागवायचे असेल, तर पूर्ण पिशवी मागवू नये. काट्याचा, हँडलचा रेडिओ आणि दोन-चार चकाकत्या चादरी एवढेच मागवावे. कप्पी, दोर, पोहरा, जाड ताडपत्री, गमबूट हे सगळे दापोलीच्या बाजारात मिळते आणि ते एप्रिलमध्ये घ्यावे, कारण बावटा लागल्यावर ताडपत्री मिळत नाही.

सासूबाईंनी यंदा आगोटीची यादी मला सांगताना मीठ आणि काडेपेट्यांच्या नंतर रेडिओ लिहायला लावला. दर पौर्णिमेला त्या स्वतः तो डब्यातून काढतात, दोन मिनिटे हँडल फिरवतात, रत्नागिरी लागते का ते पाहतात आणि पुन्हा पुसून ठेवतात. बॅटरी पडून राहिली की खराब होते, हे मी त्यांना एकदाच सांगितले होते.